अयोध्याबाईच्या घरचं विरजण

बानूबाईच्या घरी दुभतं जनावर नव्हतं. मेंढरं होती, तीही वर्षातले आठ महिने तिच्या लेकांबरोबर नदीकाठानं चरत फिरायची. घरी राहायची ती, एक आंधळं कुत्रं आणि लोकर कातायचा चरखा. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा ती हातात पितळेची वाटी घेऊन शेजारच्या अयोध्याबाईच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "विरजण हाय का गं जरा?"

दूध नसलेल्या घराला विरजण कशाला लागतं, यावर पारावर बरीच चर्चा होई. "म्हातारी पाण्याचं दही लावती," कुणी म्हणायचं. "न्हाय, मेंढीचं," दुसरा म्हणायचा. "मेंढरं तिकडं भीमाकाठी, दही हिकडं," तिसरा. हा विनोद निदान सहा वर्षं टिकला. प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी शोधलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

मी त्या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत आठ वर्षं काढली. वाडी तेरखेड्यापासून दीड कोसावर. नाव देत नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांतली काही वाचायला मीच शिकवली आहेत.

अयोध्याबाईचा नवरा महारुद्र हा वाडीतला एकमेव फौजी. एक्केचाळीस साली, आमच्याकडं मोगलाई असताना, तो घरी न सांगता चालत बार्शीला गेला. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथं भरती सुरू होती आणि जेवायला गहू मिळत होते. गव्हासाठी गेलेला माणूस ब्रह्मदेशाच्या जंगलात पोचला. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, इकडं निजाम गेला, तरी तो फौजेतच होता. मधल्या रजेत त्याचं लग्न झालं. पंधरा वर्षांची नोकरी भरून, नाईक होऊन, पेन्शन घेऊन तो छप्पन साली परत आला. आला तेव्हा वाडीनं लेझीम लावून वेशीपासून घरापर्यंत आणलं. अयोध्याबाई तेव्हा अठ्ठावीसची असेल. नऊ वर्षांच्या संसारात तिनं नवरा पाच महिने पाहिला होता, तोही रजेवरचा.

महारुद्र दारू पीत नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पीत असता तर वाडीला सगळं समजायला सोपं गेलं असतं. घर त्यानं पलटणीसारखं लावलं होतं. घोंगड्यांच्या घड्या एका मापाच्या, तांबे उंचीप्रमाणं ओळीत, पहाटे उठून दाढी. शब्दाचा पक्का, व्यवहाराला चोख. फक्त आवाज झाला की त्याचं काहीतरी व्हायचं. आणि राहायला गाव मिळालं होतं तेरखेड्याच्या शेजारी, जिथं घरोघर शोभेची दारू बनते आणि लग्न, जत्रा, उरूस काहीही असो, उखळी बाराशिवाय ते झालं असं कुणी मानत नाही. लोखंडी उखळीत दारू ठासून बत्ती दिली की आमच्या शाळेची कौलं हलत.

बार वाजला की महारुद्राचा चेहरा पुसल्यासारखा होई. मग तो घरी जाई. मग घराचं दार लागे.

दुसऱ्या दिवशी अयोध्याबाईच्या डोळ्याखाली निळं असायचं. तिला कुणी विचारलं तर "मेढ लागली" म्हणायची. छपराला आधार देणाऱ्या मेढी त्या घरात चारच होत्या आणि त्या आपापल्या जागी उभ्या होत्या. एकदा दिवस गेले होते, ते मूल पोटातच गेलं; बैलाचा धक्का लागला असं ठरलं. बैलाला अर्थात कुणी काही विचारलं नाही. मार दिल्यावर महारुद्रच हळद गरम करायचा, शेक द्यायचा, कोपऱ्यात बसून रडायचा. हे मला तिनंच सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं त्यात तक्रारीपेक्षा थकवा जास्त होता.

"त्ये म्हणत्यात, त्या टायमाला हात माजा नसतो," ती म्हणाली. "म्या म्हणलं, मग कुणाचा असतो? बैलावर पडत न्हाय, सरपंचावर पडत न्हाय. माज्या अंगाचाच रस्ता कसा घावतो त्या हाताला?"

"मग काय म्हणाला?"

"उठून भाईर गेले."

अयोध्याबाई शाळा शिकलेली नव्हती, पण तिनं आपल्यापुरता एक बंदोबस्त उभा केला होता. पहिलं म्हणजे पंचांग. दर महिन्याला ती शाळेत येऊन माझ्याकडून लग्नाच्या तिथी विचारून जायची. वाडीत कुणाचा मुहूर्त कधी, हे भटजीआधी तिला पाठ असे. त्या दिवशी ती नवऱ्याला काहीतरी निमित्त काढून लांबच्या माळावर न्यायची: सरपण, शेण्या, हरवलेली शेळी. त्या बाईच्या शेळ्या फार हरवत. महारुद्रही मुकाट जायचा. त्यालाही ठाऊक असणार.

दुसरं म्हणजे विरजण. घरात परकी बाई बसलेली असताना महारुद्राचा हात उठत नसे. फौजेची शिस्त म्हणा, नाहीतर लाज म्हणा. आणि आमच्याकडं दिवसाउजेडी विरजण मागायला आलेल्या बाईला दारातून परत लावत नाहीत, घरातलं दूध नासतं म्हणतात. तेव्हा ठरलं असं, की घरातली हवा फिरली की अयोध्याबाईनं कुंपणाच्या खुंटावर गाडगं उपडं घालायचं. ते दिसलं की बानूबाई वाटी घेऊन हजर. विरजण घ्यायची आणि उंबऱ्याच्या आत फतकल मारून बसायची. मेंढरांचे रोग, लेकांच्या कागाळ्या, स्वतःच्या लग्नात काय काय कमी पडलं, असं सगळं सुरू. महारुद्र समोर बसून ऐके आणि हळूहळू त्याचा चेहरा परत जागेवर येई. कधी तास लागे, कधी तीन. जाताना बानूबाई वाटीतलं विरजण कुत्र्याला घालायची. त्या कुत्र्याइतकं दही वाडीत कुणी खाल्लं नसेल.

एकदा मी विचारलं, "बानूबाई, हे असं किती दिवस चालायचं?"

"गुरुजी, तुमी शाळा किती दिस चालविणार?"

"पोरं येतात तोवर."

"मग," ती म्हणाली आणि चालू लागली.

एकसष्ट साली अयोध्याबाई शाळा सुटल्यावर आली आणि म्हणाली, एक अर्ज लिहायचाय. माजी सैनिकांचं बघणारी एक कचेरी असते, असं तिनं नवऱ्याच्याच तोंडून ऐकलं होतं. मी शाई घेतली.

"लिवा," ती म्हणाली. "माजा नवरा मला मारतो. लढाईवरनं आल्यापासनं मारतो. बार ऐकला की मारतो. त्यांना दवाखाना द्या, न्हायतर मला ऱ्हायला जागा द्या."

मी लिहिलं: 'अर्जदार हिच्या पतीचे प्रकृतिमान युद्धसेवेमुळे अस्थिर झाले असून कौटुंबिक स्वास्थ्यास बाधा पोहोचत आहे. तरी योग्य ती तजवीज व्हावी.'

वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. "ह्याच्यात मारणं कुठं हाय?"

"'बाधा' म्हटलंय ना."

"मारणं असं लिवत न्हाईत का?"

"अर्जात नाही लिहीत."

तिनं अंगठा दिला. मला माझ्या भाषेचा त्या दिवशी थोडा अभिमानच वाटला होता, हे नमूद करून ठेवतो.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज माजी सैनिकाच्या सहीचा नसल्यामुळे विचारात घेता येत नाही. विहित नमुना सोबत जोडला आहे, तो भरून पाठवावा. नमुन्यात तेरा रकाने होते. जमीन हवी का, शिलाईचं यंत्र हवं का, मुलांना शिक्षणाची सवलत हवी का. अकरावा रकाना होता: माजी सैनिकास कोणाकडून त्रास होतो काय?

"म्हंजे सही त्यांनी करायची?" अयोध्याबाईनं विचारलं.

"हो."

"मी मारतो म्हणून?"

"तसंच म्हणावं लागेल."

ती हसली. आठ वर्षांत मी तिला हसताना एवढं एकदाच पाहिलं. "सही चांगली करत्यात हो त्ये. इंग्रजीत करत्यात." नमुन्याची घडी करून तिनं ती कनवटीला लावली आणि पुढच्या महिन्याच्या तिथी विचारून गेली.

बासष्टच्या दिवाळीत हिमालयात लढाई झाली आणि वाडीला आठवलं की आपल्याकडंही एक फौजी आहे. सरपंच धुळाप्पा उत्साही माणूस. त्यांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीला महारुद्राचा सत्कार करायचा, तालुक्याचा पाहुणा बोलवायचा आणि मोठ्या माणसांना देतात तशी एकवीस तोफांची सलामी द्यायची. तोफा नव्हत्या, पण तेरखेडं होतं. एकवीस उखळ्या जमवायच्या.

हे ऐकल्यावर अयोध्याबाई पहिल्यांदाच पुरुषमाणसाच्या दारात गेली. मी धुळाप्पांच्या ओसरीवर कार्यक्रमपत्रिका लिहीत बसलो होतो.

"आण्णा, सत्कार करा, हार घाला. तेवढे बार नको."

"का गं सूनबाई? तुज्या नवऱ्याचा मान हाय."

"त्यांना सोसत न्हाईत."

"कुणाला? महारुद्राला?" धुळाप्पा हसले. "अगं, तोफंच्या तोंडाम्होरं उभा ऱ्हायलेला गडी त्यो. आमच्या उखळीला भितोय व्हय?"

 तिनं डोक्यावरचा पदर मागं सरकवला आणि कानामागची जुनी खूण दाखवली. "ही पाडव्याच्या बाराची," ती म्हणाली. "आन् ही आंबाबाईच्या छबिन्याची."

धुळाप्पांनी नजर पत्रिकेकडं वळवली. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, घरातलं घरात ऱ्हाऊ दे. फौजी फटाक्याला भितो म्हणून भाईर कळलं तर वाडीची काय इज्जत ऱ्हाती? गुरुजी, तुमी सांगा हिला."

मी पत्रिकेत 'एकवीस' हा शब्द नीट नाही म्हणून परत काढत होतो.

नवऱ्यालाही तिनं सांगून पाहिलं. पण महारुद्राला सत्कार हवा होता. सात वर्षांत वाडीनं त्याला शेत नांगरणारा आणि कमी बोलणारा एवढंच मानलं होतं. त्यानं कोट काढला, बिल्ले राखेनं घासले, बुटांना एरंडेल लावलं. "आठ दिस लई बरं गेलं," अयोध्याबाई मला म्हणाली. "नवरदेव आल्यावानी झालंय घरात. गुरुजी, बार तीनलाच हाईत न्हवं?"

"तीनलाच. पाहुणा तीनला येतोय."

"मग जमंल. बानूआत्या चारला विरजणाला येनार हाय. जेवनवक्ताला बी उठनार न्हाय म्हणली."

पाहुण्याची जीप तीनला आली नाही. कळंबला दुसरी एक सभा होती, तिथं भाषण लांबलं. चार वाजले, पाच वाजले. पोरं उन्हात वाळून गेली. महारुद्र कोट घालून खुर्चीवर ताठ बसून होता. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. जीप आली तेव्हा सूर्य बालाघाटाच्या कडेला टेकला होता. धुळाप्पा म्हणाले, बरंच झालं, अंधारात दारूकाम खुलतं.

महारुद्र सावधान उभा राहिला, हात कपाळाशी. एकेक उखळी धडाडू लागली. मी मोजत होतो आणि मधूनमधून त्याच्याकडं बघत होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते बघून मला बरं वाटलं, म्हणजे मी किती कमी ओळखत होतो बघा. सतराव्या उखळीची बत्ती आत जाऊन विझली. ती सोडून पुढच्या उडवल्या. वीस झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महारुद्रानं हात खाली घेतला, पाहुणा हार घेऊन पुढं झाला, आणि तेवढ्यात ती सतरावी उडाली.

महारुद्र बिल्ल्यांसकट धुळीत पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर.  मग कुणीतरी हसलं, आणि एक हसलं की शंभर हसतात. "फौजी झोपला," पोरं ओरडली. महारुद्र उठला. कोट झटकला. हार घालून घेतला, नारळ घेतला, पाहुण्याला कडक सलाम ठोकला.

बायकांच्या घोळक्यातून अयोध्याबाई माझ्याजवळ आली. "गुरुजी, त्यांना वाईच हितंच बसवून ठेवा. काय बी निमित्त काडा, पर बसवा."

मी हो म्हणणार होतो. धुळाप्पांनी हाक मारली, "गुरुजी, आभार." मी आभार मानायला उभा राहिलो. पाहुण्यांचे, ग्रामस्थांचे, तेरखेड्याच्या कारागिरांचे. आभार अकरा मिनिटं चालले. खाली बसलो तेव्हा महारुद्राची खुर्ची रिकामी होती आणि अयोध्याबाईही दिसत नव्हती.

पुढचं बानूबाईनं सांगितलं ते असं. ती चार वाजता वाटी घेऊन गेली होती. घर बंद होतं, दोघं सत्कारात. परत येऊन बसली. तिन्हीसांजेला महारुद्र आत गेलेला दिसला, मागून अयोध्याबाई. थोड्या वेळानं खुंटावर गाडगं उपडं झालं. बानूबाई वाटी घेऊन उठली, अंगण ओलांडलं, कुंपणापाशी गेली. तेवढ्यात अयोध्याबाईच्या देवळीत दिवा लागला. तिनंच लावला असणार, रोजच्यासारखा.

दिवे लागल्यावर विरजण मागत नाहीत. त्या घराची लक्ष्मी वाटीतून निघून जाते. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्याकडं राज्यघटनेपेक्षा पक्कं आहे. बानूबाईनं साऱ्या आयुष्यात कुणाच्या घरची लक्ष्मी नेली नव्हती, आणि अयोध्याच्या घरची नेणं तिला जमलं नाही. ती कुंपणापासून फिरली. आपल्या उंबऱ्यावर वाटी मांडीत घेऊन बसली. दुसरं काही मागायला जाता येतं, नुसतं जाताही येतं, हे तिला सुचलं नाही. सहा वर्षं ती विरजणालाच गेली होती. आत काय चाललंय ते तिला ऐकू येत होतं. मग ऐकू यायचं थांबलं.

सकाळी महारुद्रानंच हाका मारल्या. अयोध्याबाई चुलीपाशी होती. तिच्या अंगावर त्यानं फौजेतली कांबळ घातली होती, चारही कोपरे सरळ. तो भिंतीला टेकून बसला होता, अंगात तोच कोट.

हवालदार येईपर्यंत धुळाप्पांनी ठरवून टाकलं होतं. "सव्वीसला सत्कार आन् सत्ताविसला बेडी? देश काय म्हणंल? पाय घसरला, वैलावर पडली." अक्षर चांगलं म्हणून पंचनाम्याला मीच बसलो. मी लिहिलं: 'मयत ही अंधारात ठेच लागून चुलीच्या वैलावर पडल्याने डोक्यास मार लागून मयत झाली असावी.' 'मार' हा शब्द शेवटी तिच्या कागदात आला तो असा.

सही करणाऱ्यांत बानूबाई नव्हती, पण ती पुढं सरकली. "माजं बी लिवा."

"काय लिहू?"

"म्या वाटी घेऊन कुपापतुर गेलते आन् परत फिरले."

हवालदार म्हणाला, "आजी, ते पंचनाम्यात येत नाही."

"मग कशात येतंय?"

हवालदारानं माझ्या हातातला कागद घेतला. ती वाटी घेऊन उठली.

अयोध्याबाईच्या लुगड्याच्या कनवटीला तो नमुना होता, घामानं मऊ झालेला. तेराच्या तेरा रकाने कोरे. तो मी खिशात घातला. कचेरीचा कागद, पंचांकडं कशाला जायला हवा, असा विचार केला. मार्चमध्ये त्याच कचेरीतून महारुद्राला सांत्वनाचं पत्र आलं. पत्नीच्या अपघाती निधनाबद्दल दुःख, काही मदत हवी असल्यास सोबतचा नमुना भरावा.

महारुद्रानं काही भरलं नाही. तो एकटाच राहिला. घोंगड्यांच्या घड्या तशाच, तांबे तसेच ओळीत. म्हैस होती, दूध निघत होतं. पण त्या घरचं विरजण अयोध्याबाई लावायची, रोजच्या दह्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवसासाठी ठेवून. ते तिच्याबरोबर संपलं होतं.

चैत्रात एका संध्याकाळी मी बानूबाईच्या अंगणात बसलो होतो. घोंगडीचं माप द्यायला गेलो होतो. महारुद्र कुंपणापाशी आला. हातात वाटी.

"मावशे," तो म्हणाला, "विरजण आसंल तर दी वाईच. दूध वाया चाललंय."

बानूबाईनं चरखा थांबवला. "माज्या घरी कुठलं विरजण? दूधच न्हाय माज्याकडं. कवाच नव्हतं."

तो वाटीकडं बघत राहिला. वाडीनं सहा वर्षं ज्यावर विनोद केले ते त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. त्याच्यासमोर कुणी विनोद करत नसे.

"मग तू... आमच्याकडं न्यायचीस ते?"

"बसाय यायची म्या."

 माझ्या मागं बानूबाईच्या घरात अंधार झाला होता, तिनं अजून दिवा लावला नव्हता. पलीकडं त्याच्या घरीही लावणारं कुणी नव्हतं.

"आन् त्या दिसी?" त्यानं विचारलं.

"दिवा लागला होता," बानूबाई म्हणाली.

महारुद्र सावधान उभा असल्यासारखा उभा होता, वाटी हातात तशीच. मग वळला आणि आपल्या घराकडं गेला. जाताना त्यानं ती वाटी कुंपणाच्या खुंटावर ठेवली, हात मोकळे हवेत म्हणून किंवा नुसतीच. उपडी ठेवली.

बानूबाई सवयीनं उठली. दोन पावलं गेली, थांबली आणि परत येऊन चरख्यापाशी बसली. मला म्हणाली, "घोंगडी किती हाताची म्हणालात, गुरुजी?"